सूर्यफुलांसाठी दहा हजार पाहुण्या

सुट्टीत कुठं जाऊन आलात, असं आमच्या शिक्षकखोलीत जो तो विचारतो. कोणी गणपतीपुळे सांगतं, कोणी म्हैसूर-उटी. मी 'केळघरच्या घाटात मधमाश्या आणायला गेले होते' म्हटलं की पुढं काय विचारावं हेच कोणाला सुचत नाही. गणिताच्या बाईंनी तर माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. तेव्हा एकदाचं सगळं लिहूनच काढते. शिवाय खरं सांगायचं तर सांगितल्यावाचून मला राहवतही नाही.

मी सांगलीत मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. परागीभवनाचा धडा बारा वर्षं शिकवते आहे. फळ्यावर रंगीत खडूंनी फूल काढायचं, त्यावर माशी काढायची, बाण दाखवायचे. माझी माशी छान येते असं मुली म्हणतात. खऱ्या माशीच्या वाटेला मात्र मी कधी गेले नव्हते, कारण चावणाऱ्या सगळ्याच गोष्टींना मी भिते.

शहात्तर सालच्या ऑक्टोबरात सहामाही परीक्षा संपली त्याच दिवशी सुभेदार शाळेत आले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे. पलटणीतून निवृत्त होऊन ते विट्याजवळच्या आपल्या गावी शेती करतात. त्यांनी पिशवीतून एक वाळलेलं सूर्यफूल काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि जवळजवळ सॅल्यूटच ठोकला.

"बाई, तुमी शास्त्र शिकवता. हे गेल्या सालचं. दाणं मोजून घ्या, पर आत काय बी न्हाई. समदं पोचट."

मी दाणा दाताखाली धरला. नुसतं टरफल. दुसरा, तिसरा, तसाच.

"फुलं उमलली तेव्हा माश्या आल्या होत्या का?" मी विचारलं.

"आल्या हुत्या की! लय. पर आमी एक टिकू दिली न्हाई," सुभेदार अभिमानानं म्हणाले. "शत्रू दिसला की फायर. दोन डाव पावडर मारली, आन राहिल्याल्यांना पत्र्याचा डबा वाजवून हाकललं."

मला हसू आवरेना आणि त्यांचा चेहरा पाहून वाईटही वाटलं. ज्यांच्यामुळं दाणा भरणार त्यांनाच या माणसानं डबा वाजवून सीमेपार केलं होतं. सूर्यफुलाला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, स्वतःचे चालत नाहीत, आणि ते आणून द्यायला माशी लागते, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी ते वाळलेलं फूल परत पिशवीत टाकलं. मग त्यांनी खरी अडचण सांगितली.

यंदा पुन्हा दोन एकर सूर्यफूल होतं आणि आठवड्याभरात उमलणार होतं. बांधाला बांध लागून त्यांच्या चुलतभावाचं, गणपतरावांचं शेत. बांधावरूनच दोघांचा नऊ वर्षं अबोला. आणि गणपतरावांनीही यंदा मुद्दाम सूर्यफूलच लावलेलं. गेल्या वर्षी गाव सुभेदारांना हसलं होतं. "औंदाबी पोचट निगालं तर गणपाच्या म्होरनं मी चालायचा कसा? ऊस लावायला पाणी न्हाई, आन हसं झाल्यावर हे पीक परत लावायची माझी छाती हुनार न्हाई," ते म्हणाले. गेल्या वर्षीच्या पावडरीनंतर शिवारात माशी औषधाला उरली नव्हती.

मेढ्याच्या वरच्या डोंगरात लोक पेटीत मधमाश्या पाळतात, असं मी ऐकून होते. तसं बोलून गेले.

"मग चला," सुभेदार उठून उभे राहिले.

मला वाटलं होतं, ते जातील. त्यांना वाटलं होतं, आम्ही जाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बायकोसह माझ्या दारात हजर. "बाई एकल्या कशा येत्याल, म्हनून मी आले," आनसावहिनी म्हणाल्या. न तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा मी कपाटात कोंबला, पिशवीत चांगलं दोन शेर भडंग भरलं आणि निघाले.

घाटात

साताऱ्यापर्यंतच्या एसटीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मेढा सोडून गाडी केळघरचा घाट चढायला लागली आणि मी खिडकीला नाक लावलं ते काढलंच नाही. सगळा डोंगर जांभळा झाला होता. कडे, उतार, ओहोळाचे काठ, जिथं बघावं तिथं कारवी फुललेली. मी वेड्यासारखी "बघा, बघा!" म्हणत सुभेदारांचा दंड हलवत होते.

"सात वर्सांनी फुलतीय," मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं. "तुमी चांगल्या साली आलाय."

मला तर हे आपल्यासाठीच फुललंय असं वाटायला लागलं. आमच्याकडं विट्याच्या माळावर सात वर्षांतून एकदा येतो तो दुष्काळ.

मधपेट्यांसाठी कोंडिबाचं नाव त्या म्हाताऱ्यानंच सांगितलं. त्याची वाडी घाटाच्या वरच्या अंगाला, रस्त्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर. मधपेट्या ठेवणारा कोंडिबा म्हणून विचारलं तर पोर न् पोर वाट दाखवत होतं. साठीचा, काटकुळा माणूस. घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणानं सारवलेल्या. म्हणजे फूल माशीला आणि काठी माणसाला. अंगणाच्या कडेला दगडांवर आठ-दहा लाकडी पेट्या आणि त्यांच्या दाराशी नुसती लगबग चाललेली.

जेवायला नाचणीची भाकरी आणि तिच्यावर कारवीचा ताजा मध. दाट, तांबूस, घशाला किंचित खवखवणारा. आमच्याकडं मध म्हणजे औषधाच्या बाटलीतली वस्तू. सुंठेबरोबर बोटभर चाटायची. इथं कोंडिबाच्या बायकोनं वाटीभर ओतला आणि "आवं, बुडवून खावा की" म्हणाली. मी लाज सोडून तीन भाकरी खाल्ल्या. बदल्यात आमचं भडंग तिला दिलं, तर पहिल्याच घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी. तरी वाटी काही तिनं खाली ठेवली नाही.

दुपारी कोंडिबा मला कारवीत घेऊन गेला. बारा वर्षांत मी फळ्यावर जेवढं शिकवलं नसेल तेवढं त्यानं तासाभरात दाखवलं. माशी फुलाच्या नळीत शिरते, तेव्हा वरचे पराग तिच्या पाठीवर कसे घासतात ते. आणि एक काळाकुळकुळीत भुंगा फुलाच्या दारानं न जाता बुडाला भोक पाडून रस पितो ते.

"त्यो मागल्या दारानं येतोय," कोंडिबा म्हणाला. "खाऊन जातोय, पर फुलाचं काम करत न्हाई. अशी बी असत्यात."

"पण दरवर्षी का फुलत नाही ही?" मी विचारलं. "सात वर्षं कशाला थांबायचं?"

"दरसाली बी टाकलं तर उंदरं, पाखरं, किडं सवकत्याल. त्यांची पोरंबाळं वाढत्याल. म्हनून सात वर्सं उपाशी ठिवायचं, आन मग येकदम एवढं बी टाकायचं की खाऊन खाऊन खानारी दमली पायजेत. उरल ते रुजतंय." तो हसला. "हुशार हाय कारवी. माज्यापरास बी."

मी तिथंच दगडावर बसले. खाणारे आणि खाल्ले जाणारे, पोचवणारे आणि चोरणारे, सगळे एकमेकांवर डोळा ठेवून युगानुयुगं एकमेकांना घडवत आलेत, आणि हे मला पुस्तकात न सापडता नाचणीची भाकरी पोटात असताना समजलं, याचा इतका आनंद झाला की उगाचच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग वाजवल्याच. कोंडिबानं दोन पावलं मागं होऊन माझ्याकडं पाहिलं. एक माशी मनगटाला चावली, तर तेही मला फारसं लागलं नाही.

पाठवणी

कोंडिबा एक पेटी द्यायला तयार झाला. ती न्यायची तर उजाडायच्या आत दार बंद करायचं, म्हणजे सगळ्या माश्या घरात असतात. पहाटे कोंडिबानं दाराला बारीक जाळी ठोकली. आत घूं घूं सुरू झालं. मी पेटीला कान लावला आणि झटकन काढला.

"वाटंत तापू देऊ नका," त्यानं बजावलं. "वलं पोतं वरनं राहू द्या. आडवीतिडवी करू नका. आन दिस मावळल्याबिगर दार उघडू नका. राणी आत हाय तंवर समद्या हायेत. ती गेली की काय बी न्हाई."

राणी म्हटल्याबरोबर आनसावहिनी पुढं झाल्या. "म्हंजी बाईमानूस हाय व्हय आत? आन तुमी तिला तशीच काढताय घरातनं?"

सुभेदारांनी कपाळावर हात मारला. पण कोंडिबाची बायको लगेच आत गेली आणि तांदूळ, सुपारी, खोबऱ्याची वाटी घेऊन आली. पेटीच्या झाकणावर हळदकुंकू लागलं. वहिनींनी आपल्या पिशवीतला नवा खण काढून पेटीवर पसरला आणि दोघींनी मिळून राणीमाशीची ओटी भरली. कोंडिबाच्या बायकोचे डोळे खरंच भरून आले होते. "आमची लेक हाय, सांभाळा," ती म्हणाली. शास्त्राच्या शिक्षिकेनं अशा वेळी काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मीही दोन तांदूळ टाकले.

मेढ्याला कंडक्टरनं अडवलं. "पेटीत काय हाय?"

सुभेदारांना खोटं बोलता येत नाही. "जवान," ते म्हणाले.

"किती?"

"धा हजार."

कंडक्टरनं पेटीला कान लावला, एकदा खणाकडं पाहिलं, एकदा सुभेदारांच्या मिशांकडं, आणि आम्हाला मागचं लांब बाक रिकामं करून दिलं. त्या बाकाजवळ साताऱ्यापर्यंत कोणी फिरकलं नाही. इतक्या ऐसपैस मी एसटीतून कधीच गेले नव्हते.

उंब्रजच्या अलीकडं मात्र कऱ्हाडच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. ऊन रणरणत होतं. पेटीतला आवाज आधी वाढला आणि मग हळूहळू बारीक व्हायला लागला. तो बारीक आवाज ऐकून मी पेटीपाशी धावले. तोवर माझ्या दृष्टीनं ती एक गंमत होती. आता त्या मेल्या तर सुभेदारांचं पीक माझ्या शब्दावर गेलं असतं. आम्ही पेटी बाभळीखाली नेली. आनसावहिनींनी सरळ रस्त्याकडेच्या विहिरीवर जाऊन आपला पदर भिजवून आणला आणि पोत्यावर पिळला. मग आम्ही तिघंही फेऱ्या मारायला लागलो. मी माझ्या पातळाचा पदर पिळला, सुभेदारांनी फेटाच सोडून भिजवला. ड्रायव्हर जॅक फिरवता फिरवता म्हणाला, "पाव्हनं, पेटी न्हायला घालताय व्हय?" पाऊण तासानं आतून पुन्हा दमदार घूं ऐकू आलं तेव्हा मला रडू कोसळलं. सुभेदार फेटा पिळता पिळता दुसरीकडं बघत होते.

विट्याहून बैलगाडीनं गाव गाठलं तेव्हा दिवस कलला होता. वहिनींनी पेटीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेजारपाजारच्या बायका नवी नवरी बघायला यावं तशा जमल्या. त्यांत गणपतरावांची बायकोही होती. अबोला काय तो पुरुषांचा. तिनंही पेटीला कुंकू लावलं. सूर्य बुडाल्यावर शेताच्या कडेला पेटी ठेवून आम्ही जाळी काढली.

बांध

सकाळी आम्ही तिघं पेटीसमोर मांडी घालून बसलो. ऊन लागलं तशी एक माशी बाहेर आली, पेटीकडं तोंड करून हवेत झुलली, घर नीट पाहून घेतलं आणि उडाली. मग दुसरी. मग झुंबड. वर चढल्या, दोन गिरक्या घेतल्या आणि सगळ्याच्या सगळ्या बांध ओलांडून गणपतरावांच्या शेतात गेल्या.

सुभेदारांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

गणपतरावांची फुलं दोन दिवस आधी उमलली होती, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत सुभेदार नव्हते. आधीच त्यांच्या मनात एक डाचत होतं. उमललेलं सूर्यफूल पूर्वेकडं तोंड करून राहतं आणि गणपतरावांचं शेत पूर्वेला. ज्या शेताकडं ते नऊ वर्षं मान वळवत नव्हते, तिकडं त्यांची दोन एकर फुलं टक लावून बघत होती, आणि गणपतरावांची त्यांना पाठ दाखवून उभी होती. आता माश्याही तिकडंच.

"माज्या माशा, आन त्याची चाकरी करनार?" ते गरजले. घरातून सतरंज्या, वाकळा, धोतरं, वहिनींची लुगडी, जे हाताला लागेल ते आलं. बांधाकडेनं काठ्या रोवून दहा हात उंच पडदा उभा राहिला. पन्नास पावलं लांब, रंगीबेरंगी, वाऱ्यावर फडफडणारा. माश्या आल्या, लुगड्यापाशी थबकल्या, सरळ वर चढल्या आणि पलीकडं उतरल्या. मी पोट धरून हसत होते. सुभेदार माझ्याकडं असे बघत होते की पलटणीत असते तर मला त्यांनी कोठडीत घातलं असतं.

इतक्यात पडदा बाजूला सारून काठी घेतलेले गणपतराव आले. दोघे दोन हातांवर उभे राहिले आणि दोघांनीही तोंडं माझ्याकडं केली.

"बाई, त्यास्नी सांगा," गणपतराव ओरडले, "त्यांच्या माशा माज्या फुलातलं समदं चोरून न्ह्यायल्यात. बांधून घाला म्हनावं!"

"बाई, त्याला सांगा," सुभेदार ओरडले, "माज्या माशा फुकट राबत्यात त्याच्यात. उलटी मजुरी दे म्हनावं!"

एक म्हणे लुटलं, दुसरा म्हणे लुटवलं, आणि मधल्या माश्यांचं आपलं काम चालूच. मी खूप समजावलं. चोरी नाही, देवाणघेवाण आहे. माशी रस घेते आणि पराग पोचवते. तुमच्या फुलाला त्यांचे लागतात, त्यांच्या फुलाला तुमचे. गणपतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या हाय. पर उद्या सकाळी मी पावडर मारनार म्हंजी मारनार."

 सगळा प्रवास, ओला फेटा, सुभेदारांचं वर्ष, सगळं त्या एका पावडरीखाली मरणार होतं. माझ्याजवळ फळा नव्हता आणि खडू असते तरी उपयोग नव्हता.

आनसावहिनी कमरेवर हात ठेवून पुढं आल्या. "भावजी, मारा की," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर वटी भरून आनल्याली लेक हाय. तुमच्या मंडळींनी काल तिला कुक्कू लावलंय. नव्या नवरीवर पावडर मारली म्हनून गावाला काय ते तुमीच सांगा."

गणपतरावांनी मागं वळून बायकोकडं पाहिलं. तिनं मान हलवली. काठी खाली आली. बराच वेळ ते पायानं ढेकूळ फोडत राहिले.

"बाई, त्यास्नी सांगा," ते शेवटी म्हणाले. "कुक्कू दोन्ही घरांचं, तर पेटी येकाच्याच रानात का? मधी ठिवा."

मधे म्हणजे बांधावर. नऊ वर्षं ज्याच्यावर दोघांपैकी कोणी पाऊल ठेवलं नव्हतं, त्याच्यावर. सुभेदारांनी मिशी दोनदा पिळली. मग दिवस मावळल्यावर त्यांनी पेटीचं एक टोक धरलं, गणपतरावांनी दुसरं, आणि एकमेकांकडं न बघता दोघांनी ती चार पावलं सरकवून बांधावर बसवली. मी जाण्यापूर्वी दोन्ही शेतांतल्या एकेका न उमललेल्या फुलावर मलमलीची पिशवी बांधून ठेवली, माशीला आत शिरता येऊ नये म्हणून. बाकीचं माशीवर सोपवलं.

दिवाळीनंतर

सूर्यफूल कापायला आलं तशी सुभेदारांची मुलगी मला बोलवायला आली. आदल्या रात्री मला झोप लागली नाही. मोठ्या तोंडानं सांगितलेलं सगळं खोटं ठरलं तर, हाच विचार.

बांधावर दोन्ही घरं जमली होती. दोघांची तोंडं अजूनही दोन दिशांना. मी आधी पिशवीतली दोन फुलं सोडली. सुभेदारांनी तळहातानं दाणे झाडले, मी एकेक फोडला. दहांतला एखादा भरलेला, बाकी नुसतं टरफल. सुभेदारांनी हातावरची टरफलं झटकली. मग त्यांनी मोकळ्या रानातलं फूल कापून आणलं. इतकं जड की त्यांना दोन्ही हात लावावे लागले. दाणा दाताखाली कटकन फुटला. आत पांढरा, तेलकट, गच्च गर. दुसरा तसाच. तिसरा तसाच. मी दाणे फोडत गेले आणि वेड्यासारखी हसत गेले. वहिनींनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

सुभेदार हातातला दाणा फिरवून फिरवून बघत होते. "बाई," ते हळूच म्हणाले, "ह्यातलं माजं किती, आन त्याचं किती?"

"प्रत्येक दाण्याला दोघंही लागलेत, सुभेदार," मी म्हटलं. "त्यांच्याकडचा पराग आला म्हणून तुमचे कितीतरी दाणे भरले आणि तुमचा गेला म्हणून त्यांचे. आता कुठला कोणाचा ते माशीलाच ठाऊक."

त्यांनी ओंजळ भरली. माझ्यापुढं धरली आणि मानेनंच पलीकडं खूण केली, त्याला द्या म्हणून. मी हात मागं घेतला. मग वहिनींकडं केली, तर त्याही पदर सावरत दुसरीकडं बघायला लागल्या. शेवटी ओंजळ आपली आपणच बांधावरून पलीकडं गेली. गणपतरावांनी मूठभर दाणे उचलले आणि गडबडीनं तसेच तोंडात टाकले, टरफलांसकट. ठसका लागला, डोळे लाल झाले, तरी चावताहेतच.

"आरं गाढवा, सोलून खा की!" सुभेदार खेकसले.

 नऊ वर्षांत पहिल्यांदाच मधे कोणाला 'त्याला सांगा' म्हटलं नव्हतं. सुभेदारांच्याही ते लक्षात आलं आणि त्यांचे कान लाल झाले.

गणपतराव खोकता खोकता थांबले. डोळे पुसले. आणि थेट त्यांच्याकडं बघत म्हणाले, "मग दे की सोलून."

सुभेदार बांधावर टेकले आणि एकेक दाणा सोलायला लागले.